पेंटरच्या गच्चीवरची डबी

दुपारचे चार वाजून चाळीस मिनिटं. पेंटर गच्चीच्या कठड्याशी वाकून पांढऱ्या डबीचा स्क्रू आवळत होता. स्क्रू सैल नव्हताच, पण हात रिकामे राहिले की तो चुळबुळतो.

डबी म्हणजे घरगुती हवामान केंद्राचा बाहेरचा भाग. हवेतली उष्णता आणि दमटपणा मोजून ती आकडे बिनतारी पद्धतीने खालच्या खोलीत टेबलावर ठेवलेल्या छोट्या पडद्यावर पाठवते. ती आणली बेकरीच्या दर्शनी भिंतीपायी. गेल्या वर्षी दमट हवेत पेंटरने त्या भिंतीला शेवटचा हात मारला आणि महिन्याभरात पापुद्रे सुटले. रांगेतली गिऱ्हाइकं ते नखाने सोलत उभी राहायची. बेकरीवाल्या बाईंनी यंदाही त्यालाच बोलावलं, पण बजावून: "ही शेवटची संधी, पेंटर. पुन्हा रंग सुटला तर मी दुसरा माणूस बघेन." उद्या रंग लावायचा की नाही, हे साडेपाचच्या आत कळवायचं होतं. लावायचा असेल तर बाई भट्टी बंद ठेवणार होत्या.

पडदा म्हणत होता, दमटपणा सदतीस टक्के. रंगाला याहून चांगली हवा नाही.

"मग करा की फोन," दोरीवरचे टॉवेल चाचपत बायको म्हणाली.

"करतो."

"मघापासून करताय! आणि हे टॉवेल सकाळपासून ओलेच्या ओले. तुमच्या यंत्राला विचारा, यांना कुठल्या गावची हवा लागतेय?"

"यंत्र कशाला खोटं बोलेल? त्याचं काय अडलंय?"

असं म्हणाला खरा, पण लगेच खाली गेला. पडद्याच्या बॅटऱ्या काढून परत घातल्या. पडदा टेबलावरून खिडकीत नेला, खिडकीतून फ्रिजवर. सदतीस. पुन्हा जिना चढला.

बायको डबी निरखत होती. "चमकतेय मात्र छान. दोन हात दिलेत?"

"तीन," तो म्हणाला, आणि डबीच्या कडेवरून बोट फिरवू लागला.

उन्हाने पिवळी पडू नये म्हणून बसवण्याआधी त्याने डबीला उरलेला ऑइलपेंट फासला होता, फटींसकट. उघडी फट पेंटरच्या डोळ्यांना खुपते. ती बुजवायची, हा आयुष्यभराचा शिरस्ता. या फटी मात्र हवा आत जावी म्हणूनच होत्या. ढगांआडूनही चटका देणाऱ्या उन्हात बंद डबी तापत होती आणि कोंडलेली हवा कोरडी पडत होती.

"कपाळ माझं!"

त्याने कटरने एकेक फट मोकळी केली आणि डबी टाकीच्या सावलीत बांधली. बायको खाली पडद्यापाशी जाऊन आकडे ओरडू लागली.

"त्रेपन्न!"

"आता?"

"अडुसष्ट! अहो, दम धरा जरा... एक्याऐंशी. सत्त्याऐंशी!"

रंगाच्या बादलीवर छापलेली मर्यादा पंच्याऐंशीची होती. तो आणखी थोडा वेळ थांबला, खाली येऊन स्वतः पाहिलं, मग फोन लावला.

"म्हणजे उद्या नाही?" बाईंनी विचारलं.

"नाही. हवा ओली आहे, रंग धरणार नाही."

"गेल्या वर्षी हे का नाही सुचलं?"

"तेव्हा काम उरकायची घाई होती."

"कोणाला?"

"मला."

पलीकडे एक ट्रे आपटल्याचा आवाज आला. "बरं. मग पीठ भिजवायला सांगते. तुम्ही काय, घरी बसणार?"

"छे, बसून काय करू?"

उद्या बेकरी नेहमीसारखी सकाळी सहाला उघडेल. पेंटर आठला तिथे पोचेल, शिडी न घेता, आणि ओल्या हवेतही होणारं काम म्हणून बेकरीच्या गोदामाच्या आतल्या दाराला पॉलिशपेपर मारायला लागेल.