दारावरचा लाल आकडा

दोषी आमचे आप्पा. हे आधीच सांगून टाकतो, नंतर माझ्याकडे बोट दाखवू नका. आप्पा म्हणजे माझे थोरले काका. चहा घ्या. किस्सा असा आहे की त्यात मी पोटभर माती खाल्ली आहे, तुम्ही निदान बिस्किटं तरी खा.

तर, मी कॉलेज सोडलेला माणूस. घरात रिकामा. आप्पांनी एक दिवस फर्मान काढलं, "दिवाळीलोंग काही काम धर, नही तं सुरतले जाय. मन्हा सालाना दुकानमा साड्यासन्या घड्या कर!"

सुरत! आप्पांच्या मेव्हण्याच्या दुकानात साड्यांच्या घड्या! जन्मभर!

तेवढ्यात लोणखेड्याच्या कॉलेजात एक मॅडम भेटल्या. ग्रंथालयशास्त्राच्या. खेड्यातली घरं आपले जुने कागद, फोटो, पत्रं कशी सांभाळतात, यावर त्यांचं संशोधन. म्हणाल्या, "तुझ्या गावापासून सुरुवात कर. काम जमलं तर प्रकल्पात सहायक म्हणून घेते. पुन्हा प्रवेशाचंही बघू."

मला पांढरे हातमोजे दिले, मऊ ब्रश दिला, मोजायची टेप दिली. आणि एक नियम. वस्तू दिसली की लगेच उचलायची नाही. ती कुठे होती, कशाखाली होती, ते मोजायचं, फोटो काढायचा, क्रमांक द्यायचा. मूळ जागा विसरली की अर्धी माहिती मेली.

आमचं गाव प्रकाशा या तीर्थाच्या गावाच्या अलीकडे, रस्त्याला लागून. तिथल्या म्हाताऱ्यांबद्दल काय बोलायचं? 'आपला वारसा, आपला वारसा' म्हणून ओट्यावर भाषणं ठोकतात, आणि बापाचा फोटो धान्याच्या कोठीमागे उंदरांना वाढून ठेवतात. मी विचारलं की एकच उत्तर. "आमनाकडे काहीच नही." मी नुसता आत डोकावलो की म्हणायचे, "काय मोजी ऱ्हायना रे पोऱ्या?"

"तुम्हाला नाही कळायचं."

"कोनी धाडं तुले?"

"वरून आदेश आहे!"

डोकं फिरलं होतं माझं. समजावत कोण बसणार? जिथे काही जुनं असल्याचा वास आला, तिथे परत यायला खूण म्हणून दारावर गेरूने मोठा आकडा काढला आणि पुढे निघालो. घरमालक बघत बसले. मग काही दिवस लोणखेड्याला मॅडमकडे फोटो स्कॅन करायला शिकत होतो.

परत आलो तर गाव ओळखू येईना! जो तो रस्त्याच्या कडेला खड्डे खणतोय. कुणी पेरू लावतोय, कुणी पत्र्याचं शेड ठोकतोय. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात तुळशीला पाणी घातलं नाही, तो आंब्याच्या रोपाला बादलीने पाजतोय.

चहावाल्या बापूला विचारलं, "हे काय चाललंय?"

"तू कोठे व्हता भो? रस्ता चौपदरी व्हई ऱ्हायना! दिल्लीना साहेब ई गयात. घरंघर मोजी गयात, नंबर टाकी गयात. आते जेवढं झाड, तेवढा मोबदला!"

मला शंका आली. आलीच हो, मी काय इतका येडा आहे? आकडे मीच काढले होते! म्हटलं, घरी जाऊन आप्पांना सांगतो, गाव पागल झालंय. अर्धा चहा टाकून निघालो.

घराजवळ आलो आणि जागेवर थिजलो.

आमच्या दारावर लाल आकडा!

आता नीट ऐका. आमच्या घरात आप्पा सोडले तर जुनं काहीच नाही. म्हणून आमचं दार मी वगळलं होतं. मग हा आकडा कुणी काढला? मी नाही. म्हणजे कुणी? सरकारने! म्हणजे माझ्यामागून खरंच साहेब येऊन गेले! एवढं तर्कशुद्ध डोकं कॉलेजात चाललं असतं तर आज मी प्राध्यापक असतो.

दुसऱ्या दिवशी शहाद्याला जाऊन मोटारसायकल विकली आणि टेम्पो भरून लिंबाची रोपं आणली. रस्त्याकडेच्या आमच्या पट्टीत मी खणतोय, आणि आप्पा बांधावर बसून ओरडतायत, "दाट लाव! आजून दाट!"

आणि एका सकाळी मॅडम पांढऱ्या गाडीतून उतरल्या.

"साहेब उनात!" गाव धावलं. ट्रंका, पत्र्याचे डबे, गाठोडी घेऊन! घर किती जुनं आहे याचा पुरावा नको का द्यायला? 'काहीच नही' म्हणणाऱ्यांकडून पणजोबांचे फोटो निघाले, लग्नपत्रिका निघाल्या, शाळेचे दाखले, पूर यायच्या आधीच्या नदीकाठच्या गावाचे फोटो. मारुतीच्या पारावर ढीग! मॅडमचे डोळे भरून आले. "एवढं जमवलंस तू?"

मी हळूच विचारलं, "मॅडम, रस्त्याचं कधी?"

"कुठल्या रस्त्याचं? आत्ता मी खड्डे मोजत आले त्या?"

मी गर्दीकडे वळलो. "मग आमच्या दारावर आकडा कुणी काढला?"

"मी," आप्पा म्हणाले. शांतपणे! "तू समदा गावले नंबर दिधा, आपलंच घर सोडी दिधं. आपुन का मांगे ऱ्हावानं? मीच गेरू घोळा, लिखी टाका."

"म्हणजे आकडे मी काढतो हे माहीत होतं तुम्हाला! मग ही दिल्लीची अफवा का मानली?"

"तूच तं म्हने, वरून आदेश शे! तरी माले शंका व्हती. पन तू फटफटी इकीसन लिंबू लावाले लागना, मंग माले खात्रीच पटनी!"

पारावरचे सगळे माझ्याकडे वळले. आज आपली हाडं मोडणार, हे मी धरून चाललो. सगळं खरं सांगून टाकलं. संशोधन, क्रमांक, सगळं. जे पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं, तेच. एक म्हातारा काठी सावरत उठलासुद्धा.

तेवढ्यात शेजारच्या सुमनकाकूंनी नवऱ्याचा फोटो पुढे केला. "रस्ता नही तं नही. पन येले वाळवी लागेल शे. तुन्हाकडे तो बिरूश शे ना? साफ करी दे."

मी हातमोजे चढवले. विचारलं, "काकू, हा घरात कुठे ठेवला होता?" त्या सांगू लागल्या. काका कसे, फोटो कुठे काढला, अंगातला सदरा कुणाचा मागून आणलेला. मागे रांग लागली. लोक शिव्या देत होते, पण रांग सोडून कुणी गेलं नाही. काठीवाला म्हातारा तर पुढे घुसला!

संग्रह उभा राहिला. मॅडमने मला कामावर घेतलं, प्रवेशाचा अर्जही भरून झाला. सुरत टळली. आता वर डोंगरात, मोलगीकडची गावं करायची आहेत. दारावर काही लिहीत नाही, आधी बसून बोलतो. लिंबंही जगली, फक्त इतकी दाट की मधून शेळीसुद्धा जात नाही.

मोलगीला जीपमागे लटकून जातो. माझी मोटारसायकल गेली.