दोन पायांत दोन बूट

माझी शाळा सातवीतच सुटली. तथापि तहसील कचेरीसमोर टेबल मांडून मी उभ्या तालुक्याचे अर्ज लिहितो. छापील अर्जावर एक सूचना असते, ‘लागू नसेल ते खोडावे’. मनुष्यजन्माचे सार मला त्या ओळीत दिसते.

काल शेजारच्या बुटांच्या दुकानात सुनंदा उभी होती. तिचा पोलीस भरतीचा अर्ज मीच भरून दिला होता. तिच्या डाव्या पायात रोजच्या धावण्याचा जाड बूट होता आणि उजव्यात वेगाच्या सरावाचा हलका.

“ताई, असंच लंगडत जाणार का भरतीला?” दुकानदार हसला.

“काका, तुम्हीच सांगा,” ती मला म्हणाली. “एकच जोड घेता येईल. हलका पळवतो, पण डांबरावर महिनाभर टिकायचा नाही. जाड टिकेल, पण मागं ठेवील. यंदा हुकलं तर घरचे लग्न लावून देतील.”

तरुणपणी मीही टिकाऊ तेच निवडले होते: हे टेबल. ते अजून मोडलेले नाही आणि मला उठूही देत नाही. तरीही सवयीच्या गंभीर स्वरात मी म्हणालो, “टिकाऊ घे.”

खाली बसून ती उजव्या बुटाची नाडी सोडू लागली, इतकी सावकाश, की माझे शब्द मला खोडावेसे वाटले. मी ते खोडले नाहीत.