शेवटचं रूप वर्गाचं

मास्तरांची शिकवणी पुढच्या खोलीत भरायची आणि बाई मधल्या पडद्याआड, शिंप्याकडून आलेल्या शर्टांना काजं-बटणं करत बसायच्या. तब्बल तीस वर्षं. मास्तर इंग्रजीची फक्त नियमानं चालणारी क्रियापदं शिकवत. "आधी गुणी पोरांची ओळख करून घ्या, वांड पोरांचं मग बघू," असं त्यांचं म्हणणं. टेबलावर पट्टी आपटून ते तीन रूपं म्हणायचे, "वॉक, वॉक्स, वॉकिंग..." आणि गप्प व्हायचे. शेवटचं रूप वर्गाचं. सगळा वर्ग बेंबीच्या देठापासून ओरडायचा, "वॉक्ड!" गल्लीनं त्यांचं नावच वॉक-वॉक मास्तर ठेवलं होतं.

लग्न नवं असताना बाईंनी एकदा विचारलं होतं, "मलाही शिकवाल का?" मास्तर हसले. "तुला काय करायचंय इंग्रजीशी?" ते हसणं बाईंच्या मनातून कधी गेलं नाही.

आता मास्तरांचीच वाचा बसली होती. अर्धांगाचा झटका येऊन चार महिने झाले. पाय सावरला, पण तोंडून शब्द फुटेना. बोलायला शिकवणारी थेरपिस्ट आठवड्यातून दोनदा यायची, पेला पुढे धरायची. "पाणी म्हणा, काका." मास्तर तोंड उघडायचे, लालबुंद व्हायचे आणि मान फिरवायचे. त्या दिवशी तर त्यांनी पेलाच बाजूला सारला. जाताना ती दारात हळूच म्हणाली, "एक तरी शब्द यायला हवा, काकू. त्यांनीच प्रयत्न सोडला, तर पुढं अवघड आहे."

बाईंना राग आला. आणि रागवायला घरात मास्तरांशिवाय होतं कोण? घड्याळात पाच वाजले होते, शिकवणीची वेळ. बाईंनी फडताळातून पट्टी काढली, मास्तरांसमोर खुर्ची ओढली आणि पट्टी टेबलावर सणसणीत आपटली.

"वॉक, वॉक्स, वॉकिंग..."

मास्तर बघतच राहिले. बाईंनी पुन्हा पट्टी आपटली, पुन्हा तीन रूपं म्हटली आणि गप्प झाल्या. मास्तरांचे ओठ थरथरले.

"...वॉक्ड."

बाई थांबल्या नाहीत. थांबलो तर गाडी पुन्हा बंद पडेल, हीच धास्ती. कुक झालं, वॉश झालं, ओपन झालं. यादी त्यांना ओळीनं पाठ होती. अर्थ एकाचाही ठाऊक नव्हता. मास्तर अडखळत, लाळ पुसत शेवटचं रूप देत गेले.

"लिसन, लिसन्स, लिसनिंग..."

इथं मास्तर अडले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, पडद्याखालून दिसणाऱ्या बाईंच्या बुटक्या स्टुलाकडे पाहिलं, मग बाईंकडे. त्यांचे डोळे भरून आले.

"काय हो? याचा अर्थ काय?" बाई घाबरून म्हणाल्या.

मास्तर कितीतरी वेळ झगडत राहिले. "ऐ... ऐक..."

"हं, म्हणा, म्हणा."

"ऐकलंस," मास्तर म्हणाले. "तू."

बाईंनी पट्टी खाली ठेवली.

"मग काय करणार?" त्या म्हणाल्या. "तुम्ही कुठं शिकवलंत?"