संध्याकाळची माफी

आमचे मामाजी, म्हणजे माझे सासरे केवळराम, दिवसभर गावाशी भांडतात आणि दिवेलागणीला सगळ्यांची माफी मागून येतात. प्रभू येशू आपल्या माणसांना वर न्यायला न सांगता येणार आहे, आणि तो येईल तेव्हा कुणाशी तेढ ठेवून सापडायचं नाही, एवढा एकच नेम ते जिवापाड पाळतात. मुळात भांडायचंच नाही, हा त्याहून सोपा उपाय मी एकदा सुचवला होता. त्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. संध्याकाळी मिटलं.

साकोलीच्या प्रार्थनेला जायला लागले तेव्हा मामाजींची दारू सुटली, म्हणून सासूबाई येशूबद्दल कुणाला काही वाकडं बोलू देत नाहीत. घरातले आम्ही बाकीचे मारुतीला नारळ फोडणारे. पण प्रभूसमोर जायचा मामाजींचा पांढरा सदरा रोज धुऊन, वाळवून खुंटीला लावायचं काम माझं. आला प्रभू आणि सदरा ओला, तर बोल मलाच लागायचा.

तो सदरा घालून, परसातली वांगी पिशवीत भरून मामाजी निघतात. रिकाम्या हातानं माफी मागणं त्यांना पटत नाही. गावानं हे बरोबर हेरलं आहे. समोरच्या गुलाबकाकूच्या घरी भाजी नसली की ती दुपारी आमच्या दारात कचरा लोटते. मामाजी तोंडाचा पट्टा सोडतात, आणि संध्याकाळी काकूच्या चुलीवर भरली वांगी रटरटतात. माझा नुसता संताप होतो. झाडांना पाणी मी घालते!

सगळ्यात शेवटचं घर नत्थूकाकाजींचं. हे दोघं लहानपणी एकाच म्हशीवर बसून तळ्यात डुंबलेले मित्र. पुढे एका वर्षी ऐन धानाच्या रोवणीत पाऊस दडला, तेव्हा मामाजींनी काकाजींच्या शेताचा बांध फोडून पाणी आपल्या धानाकडे वळवलं. काकाजींचं धान वाळून गेलं. येशूच्या नादी लागल्यावर मामाजींनी धानाची पोती त्यांच्या घरी नेऊन टाकली, पाया पडले. काकाजींनी धान ठेवून घेतलं, माफी काही दिली नाही. बायको गेल्यावर ते घरात एकटेच असतात. धान नेऊन टाकलं तेव्हापासून रोज त्यांच्या ओसरीवर तेच बोलणं.

"नत्थू, माफ कर गा."

"पाहू उद्या. बस, चहा मांडला हाय."

मग चहा पीत दोघं त्या बांधावरून पुन्हा पहिल्यापासून वाद घालतात. जेवायची हाक ऐकू आली की मामाजी हात जोडून मोठ्यानं म्हणतात, "प्रभू, लवकर ये," आणि कुरकुरत घरी येतात. "समदा गाव मिटला, सूनबाई. येवढा नत्थ्या मले अडवून बसला हाय."

यंदा दिवाळी झाली आणि काकाजींच्या छातीत दुखायला लागलं. नागपूरला ऑपरेशन ठरलं. सकाळी त्यांच्या दारात जीप उभी राहिली, आणि मामाजींचं तोंड पांढरं पडलं. येशू न सांगता येणार हे त्यांना पाठ होतं. नत्थू न सांगता जाऊ शकतो, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दोरीवरचा सदरा ओढून त्यांनी तसाच ओला अंगात चढवला आणि वांग्यांची पिशवी घेऊन जीपपुढे जाऊन उभे राहिले. त्यांना आवरायला म्हणून मी मागे धावले.

"नत्थू, आता तरी माफ कर. ऑपरेशन हाय गा, काही झालं तं?"

"आल्यावर पाहू."

"अन् नाही आला तं?"

"तं राहू दे."

माझं डोकं फिरलं. "काकाजी, येक शब्द बोलायले तुमचं काय जाते? काहून माणसाचा जीव टांगून ठेवता?"

काकाजींनी जीपच्या दांडीला घट्ट धरलं. "सूनबाई, याले माफ केलं का हा मोकळा झाला. याचा येशू आला का हा चालला जाईन पांढरा सदरा घालून, मांगं पाहणार बी नाही. मले कोण नेते वरते? मंग संध्याकाळी माह्या ओसरीवर कोण येईन?"

मामाजी जीपच्या पुढून बाजूला झाले. "इतके वर्सं मले फसवलं? तं मर तिकडंच!" असं ओरडून त्यांनी वांग्यांची पिशवी जीपमध्ये फेकली. जीप निघून गेली.

त्या दिवशी मामाजी आणखी कुणाशीही भांडले नाहीत. गुलाबकाकूनं कचरा लोटून पाहिला, काही उपयोग झाला नाही. दिवेलागणीला मामाजींनी सदरा नीट केला आणि काकाजींच्या बंद दारासमोर, ओसरीवर जाऊन बसले. भांडण ताजं आणि मिटवायला समोर माणूस नाही, अशी संध्याकाळ या घरात आल्यापासून मी पहिल्यांदाच पाहत होते. मी चहा घेऊन गेले, तर मामाजी डोळे मिटून, हात जोडून बोलत होते.

"प्रभू, मी तयार हाव. पण आज नको येऊ. नत्थ्याचं ऑपरेशन होऊ दे. त्याचे टाके निघू दे. तो घरी आला का मंग ये. अन् तवा बी आमचं मिटलं नसन, तं अजून थोडा दम धर."

मी चहा खाली ठेवला. मामाजींनी डोळे उघडले नाहीत. खालच्या आवाजात म्हणाले,

"अन् तुले थांबवलं म्हणून माफ कर. आज वांगे नाही. समदे नत्थ्यासंग गेले."