आक्कांचं हिरवं लुगडं

गोठ्यात शिरण्याआधी आक्का दारात थांबून खाकरायच्या. मग पदर सावरायच्या, आणि मगच पाऊल आत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, आत त्यांचे मालक झोपलेत. आत गाई होत्या.

"गाईचं घर हाय ते," त्या म्हणाल्या. "तुझ्या घरात कुणी न खाकरता शिरलं तर तुला चालंल का?"

आता चालेल का, तुम्हीच सांगा.

मी नांदेडची, किराणा दुकानदाराची लेक. दूध सकाळी दारात येतं, एवढंच मला ठाऊक. लातूर जिल्हा नवा झाला, यांची नोकरी तिथल्या कचेरीत आली, आणि रेणापूरजवळची सासऱ्यांची पडीक जमीन माझ्या डोक्यात बसली. मी शेती करणार, गाई पाळणार म्हटलं, तर आमचे हे हसले. हसले म्हणूनच मी शेजारच्या आक्कांकडून देवणी गाय घेतली. पांढरी, तोंडावर काळी. चंद्री. गाईबरोबर आक्काही आल्या, कारण त्यांनी मला न विचारताच शिष्य करून टाकलं.

आक्का लिंगायत, माहेर उदगीरच्या पलीकडचं. कपाळाला विभूती, तोंडात मिश्री, आणि गाईंवर चिडल्या की कानडी. कानडीच का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "मराठीत शिव्या दिल्या की शेजारणी अंगावर घेत्यात."

नवा जिल्हा त्यांनी कधी मानलाच नाही. उस्मानाबादच म्हणायच्या. "जिल्हा तुझ्या मालकानं बदलला आसंल. माझ्या गाईला कुणी सांगितलं न्हाई."

तर चंद्री मला दूध देईना. कास भरलेली, पण मी बसले की पान्हा चोरायची. आक्कांनी दोन दिवस नुसती गंमत बघितली. मग घरात गेल्या आणि आपलं जुनं हिरवं लुगडं आणून माझ्या अंगावर टाकलं. शेण, मिश्री, धूर, सगळे वास त्यात मुक्कामाला.

"नेस हे. ती तोंड न्हाई बघत, वास बघती."

नेसले. चंद्रीनं मान वळवून हुंगलं, आणि भांडं वाजायला लागलं. आनंदानं मी ते लुगडं धुवायला काढलं, तर आक्कांनी बादलीच उपडी केली. "आगं बया, काय करायलीस? दूध वाहून चाललं की तुझं." त्या दिवसापासून ते गोठ्यातल्या खुंटीला. मी धार काढून घरात आले की हे नाक धरून विचारायचे, "आक्का गेल्या का?"

मग पाऊस फिरकलाच नाही. विहिरीचा तळ दिसला, कडबा संपला. गावाबाहेर जनावरांची छावणी लागली तशा आक्का आणि मी आपापली गुरं आणि ते लुगडं घेऊन तिथंच राहायला गेलो. जाताना यांनी बजावलं, "दूध देते तोवर ठेव. आटली की बाजारात. तेव्हा रडायचं नाही." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? छावणीत चारा बेताचा, आणि धार रोज बारीक होत चाललेली.

त्यातच मला ताप भरला. लिंबाखाली बाजेवर पडून होते, धार काढायची राहिलेली, चंद्री हंबरतेय. एक-दोन वेळा धार चुकली तर ती आटणारच, हे मला कळत होतं. आणि नेमके हे आले. आपणच आजारी असल्याचं कचेरीत खोटं कळवून, हातात नवा दोर. चंद्रीला बाजारात न्यायला.

आक्का म्हणाल्या, "न्या की. पर ताठल्या कासंनं चालंल का ती? आधी पिळा तिला. माझी तर बोटंच आज वळना झालीत." आणि लुगडं पुढं केलं.

यांनी इकडंतिकडं बघितलं. पँटीवरून लुगडं गुंडाळलं, चष्मा सावरला आणि बसले. तेवढ्यात जीप आली. छावणी बघायला साहेब आले होते, यांच्याच कचेरीतले. यांनी पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि डोकं गाईच्या कुशीत खुपसलं.

"या कोण?" साहेबांनी विचारलं.

"माझी सून, सायेब. लाजती."

"हातात घड्याळ आहे."

"शिकल्याली हाय."

"बरं. चारा पुरतो का, विचारा त्यांना."

आक्कांनी वाकून यांच्या तोंडाशी कान नेला. पदराखालून काय आवाज आला तो मला माहीत नाही, पण आक्का उठून म्हणाल्या, "न्हाई पुरत म्हणती. उसाचं वाढं येणार येणार म्हणत्यात, कुठं हाय, म्हणती. मालक कचेरीत हाय तिचा, पर त्यो घरी काईच सांगत न्हाई म्हणती."

मी गोधडीत तोंड घालून एवढी हसले की घाम फुटून ताप उतरला.

जीप गेली. यांनी पदर काढला. भांड्यात फेस होता, आणि चंद्री यांचा कोपर चाटत होती. यांनी कोपर तसाच तिच्यापुढं राहू दिला.

"मग, बाजार?" आक्कांनी विचारलं.

"कसला बाजार? हिचा दोर झिजलाय, म्हणून नवा आणलाय."

संध्याकाळी आक्का त्याच न वळणाऱ्या बोटांनी तिघांच्या भाकरी थापत होत्या. पुढच्या आठवड्यात वाढ्याची गाडी आली, आणि चंद्रीनं पाऊस बघितला.

आक्का यांना अखेरपर्यंत चारचौघांत "सूनबाई" म्हणत राहिल्या. आता त्यांना जाऊनही बरीच वर्षं झाली. हे निवृत्त झालेत, धार हेच काढतात. चंद्रीच्या नातीला लुगडं लागत नाही, तरी ते खुंटीला आहे. धुतलेलं नाही.

परवा गाय चरायला गेलेली, गोठा रिकामा. हे खराटा घेऊन झाडायला निघाले, दारात थांबले आणि खाकरले.

"अहो, आत कुणी नाही," मी ओसरीवरून म्हटलं.

"माहीत आहे," हे म्हणाले. "पण सासूच्या घरात तसंच कसं शिरायचं?"