टकळी घेऊन भांडणाऱ्या कुंदाताई

कुंदाताई भांडायला जाताना टकळी बरोबर न्यायच्या. ग्रामपंचायतीत, तलाठ्याकडे, वीजबिलाच्या खिडकीवर, अगदी रेशनच्या रांगेतसुद्धा. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत पिंजलेली लोकर आणि हातात गरगरणारी टकळी. समोरचा माणूस थापा मारायला लागला की टकळीची गती वाढायची. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या, "हात रिकामे राहिले तर एखाद्याच्या कानाखाली बसेल गो. म्हणून त्यांना कामाला लावते."

आता त्या नाहीत, आणि गावातले लोक त्यांच्याबद्दल फार गोड बोलायला लागले आहेत. किती शांत होत्या, किती प्रेमळ होत्या. हे ऐकून माझं डोकं फिरतं, म्हणून लिहायला बसले. कुंदाताई शांत नव्हत्या. चिडक्या होत्या, फटकळ होत्या, आणि त्यांच्या चिडण्याला धडधडीत कारणं होती.

रत्नागिरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर शहरातली खोली सोडून त्या आमच्या गावात तळ्याकाठी राहायला आल्या, आमच्या घराला लागूनच. मधे फक्त कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा. त्यांचं परसू उतरत उतरत थेट पाण्यात जायचं, आणि तिथे त्यांनी कुंपण घातलं नाही ते नाहीच. "आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली," म्हणायच्या. "आता जे बोलत नाहीत त्यांच्या शेजारी राहायचंय."

लोकरीचं वेड त्यांना इथेच लागलं. पावसाळा संपला की घाटावरचे धनगर कळप घेऊन आमच्याकडे उतरतात आणि खतासाठी शेतात मेंढ्या बसवतात. त्यातल्या एका म्हातारीला कुंदाताईंनी टकळीवर सूत काढताना पाहिलं आणि तिच्यासमोर मांडी घालून ज्या बसल्या, त्या दिवस मावळेपर्यंत उठल्या नाहीत. कातरलेली लोकर कोणी घेत नाही, टाकून द्यावी लागते, हे त्या म्हातारीकडून कळल्यावर तर संतापल्याच. पोतं भरून घेऊन आल्या. मग काड्या-गोखरू वेचणं, धुणं, पिंजणं, पेळू वळणं. पडवीत मेंढीचा उग्र वास. कोकणातल्या दमट हवेत लोकर वाळता वाळत नाही. पावसाळ्यात चुलीच्या वर दोरी बांधून त्या ती जपायच्या.

"कोकणात लोकर कशाला हो?" असं येणारा-जाणारा विचारी. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "उपयोगाचं सगळं करून झालं माझं. आता बिनउपयोगाचं करू द्या."

सुरुवातीला सूत जाडजूड, गाठीगाठीचं निघायचं. राग असला की तुटायचं. पण पुढे पुढे इतकं एकसारखं येऊ लागलं की ती धनगरीण पुढच्या खेपेला आली तेव्हा नुसतं बोटांत धरून हसली. त्या हसण्यानं कुंदाताई दोन दिवस कुणाशी भांडल्या नाहीत.

वाया गेलेल्या लोकरीचे पुंजके त्या मेंदीच्या झुडपावर टाकून ठेवायच्या. शिंजीर ते चोचीत धरून घरट्यासाठी न्यायचे. परसात पाणकोंबड्या काळी पिल्लं घेऊन फिरायच्या, मुंगसाची जोडी दुपारी पायरीवर यायची, तळ्यातली कासवं अंडी घालायला वर चढून केळीखालची माती उकरायची. एक थोराड घोरपड तर न्हाणीच्या मोरीशी रोज उन्हाला पडलेली असायची. मी तिला काहीतरी टाकायला गेले तर कुंदाताई कडाडल्या, "खायला घालायचं नाही! ते पाहुणे नाहीत, शेजारी आहेत. तुझ्या तोंडात कोणी शेजारी येऊन घास कोंबतो का?"

त्याच घोरपडीला मारायला वाडीतला एकजण काठी घेऊन आला होता. कुंदाताई घोरपड आणि तो यांच्यामध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

"ताई, बाजूला व्हा. मटण लय चांगलं असतं हिचं," तो म्हणाला.

"असेल. माझंही असेल. आधी मला मार."

तो काठी टाकून गेला. पुढे कित्येक दिवस बाजारात त्यांना पाहिलं की रस्ता बदलायचा.

मग तळ्याच्या सुशोभीकरणाची योजना आली. हा शब्द मी लिहिते तेव्हाही माझे दात एकमेकांवर दाबले जातात. काठावरचा केवडा आणि गवत काढायचं, चारी बाजूंनी सिमेंटची उभी भिंत घालायची, वर पेव्हर ब्लॉक, मध्ये रंगीत कारंजं, कोपऱ्यात फोटो काढायला मोठं लाल बदाम. ग्रामसभेत सगळं मोठ्या चित्रावर दाखवलं. चित्रात पाणी निळंशार होतं आणि त्यात एकही पक्षी नव्हता.

कुंदाताई उभ्या राहिल्या. टकळी फिरत होती. "कासवं वर कुठून येणार?"

सरपंच हसले. "ताई, कासवांचं काय घेऊन बसलात? गावात पर्यटक येतील. आणि तुमच्या घरामागे खास बाक टाकतो की. सकाळी आरामात बसा."

"माझ्या बुडाची सोय मी करीन. मी विचारलं, कासवं कुठून येणार?"

सभेत हशा पिकला. पुढचा विषय घेतला. मी उठून तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर मागून कोणीतरी म्हणालं, "दोघी शेजारणी ठरवून आलेल्या दिसतायत." पुन्हा हशा. त्यानंतर कुंदाताई तालुक्याला गेल्या, जिल्ह्याला गेल्या, प्रत्येक टेबलावर त्यांना गोड आवाजात पुढचं टेबल दाखवलं गेलं. मीही दोन-तीनदा रजा टाकून बरोबर गेले. प्रत्येक ठिकाणी कूलरसमोर बसलेला माणूस सांगायचा की काम फार चांगलं होणार आहे.

ऐन उन्हाळ्यात पंप लावून तळं उपसलं. चिखलात मासे तडफडत होते, पोरंसोरं पाट्या भरभरून नेत होती. कासवं चिखलातून वाट काढत आमच्या परसांत शिरली. कुंदाताईंनी आणि मी ती उचलून उचलून मागच्या जुन्या चिरेखाणीतल्या पाण्यात सोडली. काही जेसीबीखाली आधीच गेली होती. फुटलेली कवचं कुंदाताईंनी एकेक करून पदरात वेचली.

उद्घाटनाला मात्र त्यांना मुद्दाम बोलावलं. ज्येष्ठ निसर्गप्रेमी म्हणून सत्कार! मला वाटलं, जाणार नाहीत. पण गेल्या, चांगली इस्त्रीची साडी नेसून. सरपंचांनी खांद्यावर शाल घातली. कुंदाताईंनी ती काढून हातात घेतली, दोन बोटांत चोळली, एक धागा उपसला आणि माइकसमोर म्हणाल्या, "ही लोकर नाही. प्लास्टिक आहे. तुमच्या तळ्यासारखं." शाल घडी करून टेबलावर ठेवली आणि चालू लागल्या. टाळ्या वाजवायला वर केलेले हात तसेच राहिले. मी एकटीने वाजवल्या.

पावसात तळं भरलं. खाणीतली कासवं आपापल्या वाटेने परतली आणि उतरताना त्या भिंतीवरून पाण्यात पडली. आत पडणं सोपं होतं, बाहेर येणं शक्य नव्हतं. पाणी प्यायला आलेलं मुंगसाचं पिल्लू बुडून फुगलेलं आम्हाला सापडलं. पाणकोंबडीची पिल्लं भिंतीशी फेऱ्या मारून थकली आणि बुडाली. आणि पाऊस ओसरल्यावर अंड्यांवर आलेली कासवाची मादी वर चढू पाहायला लागली. तिच्या नखांचा सिमेंटवर खरवडल्याचा आवाज कुंदाताईंच्या पडवीपर्यंत यायचा. खर्र, खर्र. थांबायचा. पुन्हा खर्र.

कुंदाताईंनी सकाळभर तो ऐकला. मग टकळी कोनाड्यात ठेवली आणि माझ्या दारात आल्या. "तुझ्याकडे पहार आहे ना?"

पंचाहत्तरी ओलांडलेल्या त्या बाईने पदर खोचला आणि आपल्या परसामागची भिंत फोडायला घेतली. त्या थकल्या की मी, मी थकले की त्या. पाण्याच्या पातळीपर्यंत भिंत खाली आणली, आतल्या बाजूला चिरे रचले, घमेल्यांनी माती लोटली आणि बैलगाडी उतरेल असा उतार केला. त्यांचे तळहात फुटून रक्त आलं. "सूत काढायचे हात आहेत हो हे," मी म्हटलं. "मग काढीन नंतर," त्या म्हणाल्या आणि पुन्हा पहार उचलली.

दुसऱ्या दिवशी सरपंच हवालदाराला घेऊन आले. सरकारी मालमत्तेची नासधूस. कुंदाताई पायरीवर लोकर पिंजत बसल्या होत्या. "मी फोडली. एकटीने. ही बाई चहा द्यायला आली होती," त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. माझ्या कोपरापर्यंत चिखल होता. हवालदाराने माझ्याकडे पाहिलं, मग खाली जाऊन उतार पाहिला. म्हणाला, "आमच्या गावच्या तळ्याला असाच उतार आहे, गुरांसाठी. साहेब, हा तुम्ही ठेवायलाच हवा होता." सरपंचांचं तोंड पाहण्यासारखं झालं. तक्रार त्यानंतर पुढे गेली नाही. कासव मात्र संध्याकाळी वर आलं. केळीखाली जमीन उकरू लागलं तेव्हा कुंदाताई तोंड फिरवून उभ्या राहिल्या. मला वाटलं, रडतायत. "रडत नाहीये," त्या खेकसल्या. "बाळंतिणीकडे बघत बसायचं नसतं."

त्या थंडीत त्यांचं हृदय दमलं. रत्नागिरीला दवाखान्यात ठेवलं होतं. मी भेटायला गेले आणि मला रडू आलं, तर म्हणाल्या, "रडण्यात वेळ घालवू नकोस. मिरकरवाड्याला जा, ताजे बांगडे बघ, तिखलं करून आण. इथे बिनमिठाची खिचडी देऊन मला मारतायत." मी तिखलं घेऊन पोहोचले तेव्हा खाट रिकामी झाली होती. तो डबा हातात धरून मी दवाखान्याच्या जिन्यावर बसले होते. दुःख नंतर झालं. त्या क्षणी फक्त राग आला होता, सगळ्यांचा, आणि त्यांचाही.

मग ग्रामपंचायतीत शोकसभा झाली. ज्या तोंडांनी हशा पिकवला होता त्याच तोंडांनी भाषणं झाली. आणि काही आठवड्यांनी सरपंच गवंडी, सिमेंटच्या गोण्या आणि काळ्या दगडाची चकचकीत पाटी घेऊन कुंदाताईंच्या परसात उभे राहिले. तळ्याला त्यांचं नाव द्यायचं ठरलं होतं. समारंभाआधी मागची फुटकी भिंतही नीट करून घ्यायची होती.

मी गडगा ओलांडून उतारावर जाऊन उभी राहिले. "हा बुजवायचा नाही. आणि ती पाटीही इथे लावायची नाही."

"अहो वहिनी, मानाची गोष्ट आहे ही. इतकं रागवायला काय झालं?"

"काय झालं? कासवं चिरडलीत, पिल्लं बुडवलीत, त्या जिवंत होत्या तेव्हा त्यांना हसलात. आता त्यांनी फोडलेली भिंत बांधून वर त्यांचंच नाव कोरताय, आणि मला विचारताय काय झालं?" माझा आवाज तळ्याच्या पलीकडच्या वाडीपर्यंत गेला. बायका दारात आल्या. एकीने पोराला कडेवर घेतलं आणि तरातरा येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. मग आणखी दोघी आल्या. गवंड्याने थापी पिशवीत टाकली.

"राग जरा आवरा," जाताना सरपंच म्हणाले. घरचेही तेच म्हणतात, झालं तेवढं पुरे. मला नाही पुरे. केवडा परत आलेला नाही, पक्षी परतलेले नाहीत, तीन बाजूंनी भिंत अजून उभीच आहे.

पाटी सध्या ग्रामपंचायतीच्या व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून ठेवलेली आहे. रोज सकाळी एसटी पकडायला जाताना मी वाकडी वाट करून तिथे डोकावते. अजून तशीच आहे ना, ते बघते, आणि मगच कामाला जाते.