टोकाची गाठ कुंदाताईंची

कुंदाताई जगदाळे यांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत आणि त्यांच्या गौरवग्रंथात मी लिहावं, असा मंडळींचा आग्रह. खरं सांगतो, मी घाबरलो. देवासला माझं सगळं शिक्षण हिंदीत झालं, शाळेत विज्ञानही मी हिंदीतच शिकवतो. मराठी उरली ती घरात आणि ताईंच्या धाकात. त्यांच्यासमोर 'रस्सी' म्हणायची सोय नाही. "रस्सी बकरीला बांधतात रे, माणूस दोरावर जातो," असं लगेच ऐकवतात. तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी.

ताईंची ओळख झाली पीथमपुरात, कारखान्याच्या फाटकासमोर. गाड्यांच्या सीटबेल्टचे पट्टे ताणून, तोडून पाहायच्या विभागात त्या कामाला होत्या. आम्ही चार-पाच जण तेव्हा नुकतेच खोल, उभ्या गुहांत दोराने उतरायच्या नादाला लागलो होतो. माझे मामा त्याच कारखान्यात. ते म्हणाले, "धाग्यातलं कळतं ते आमच्या जगदाळेबाईंना." झालं, इंदूरहून आणलेला लाल-पिवळा दोर घेऊन मी मोठ्या ऐटीत हजर झालो. ताईंनी शिफ्टच्या बसशेजारी उभ्या उभ्या तो बोटांतून ओढायला सुरुवात केली. ड्रायव्हर भोंगा वाजवतोय, "जीजी, चलो!" आणि ताई म्हणताहेत, "रुको भिया, आदमी की जान का मामला है." एका जागी त्यांची बोटं थांबली. "इथे आतून मऊ लागतंय. वरून काही दिसायचं नाही." मग दोराला हिसका देऊन म्हणाल्या, "आणि हा ताणतो किती! हा कड्यावर चढणाऱ्यांचा, पडणाऱ्याला झेलायला बरा. तुम्हाला पडायचंय की उतरायचंय?" बस निघून गेली. ताई पुढच्या बसने, उभ्याने, धारला घरी गेल्या.

तेव्हापासून आमच्या प्रत्येक मोहिमेचा दोर ताईच निवडतात. गंमत अशी, की त्या स्वतः एकदाही गुहेत उतरलेल्या नाहीत. "मला जिन्यावरसुद्धा गरगरतं," म्हणतात. पण आमच्याबरोबर येतात आणि गुहेच्या तोंडाशी सतरंजी टाकून बसतात. निघण्याआधी त्यांचे प्रश्न ठरलेले: दोर मधे खडकाला घासेल की अधांतरी राहील? वरून पाणी पडतं का? एका वेळी दोरावर किती जण चढणार? आम्हाला नेहमी बारीक दोर हवा असतो, कारण पाठीवर वाहायचा आम्हालाच. ताई सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि जाड दोर काढून देतात. "वजन पाठीला लागतं, जिवाला नाही," असं वर ऐकवतात.

नापास दोराला मात्र दयामाया नाही. आमच्यातल्या एकाने कोरा करकरीत दोर घरी इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी ठेवला होता. ताईंनी नुसता वास घेतला, कात्री मागितली आणि सगळ्यांदेखत त्याचे दोन-दोन हातांचे तुकडे केले. बॅटरीच्या तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या, वाफेने धागा आतून जळतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. ज्याचा दोर होता तो भिया आठवडाभर फुगून बसला होता. ते तुकडे टोंकखुर्दला ताईंच्या भावाकडे गेले. तिथे त्यांना म्हशी बांधलेल्या मी पाहिल्या आहेत.

आता माझी गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय हा लेख खोटा होईल.

नवा दोर पाण्यात भिजून वाळला की आखडतो. शंभर हातांतले पाच-सात हात सहज जातात. म्हणून ताईंचा नियम: आधी धुवा, सावलीत वाळवा, मग मोजा आणि मगच लांबीची चिठ्ठी लावा. मेघालयातल्या एका शंभर मीटरहून खोल विवरासाठी आणलेला दोर माझ्याकडे होता. घरात बहिणीच्या लग्नाची धांदल. मी शाळेच्या मैदानावर आधी मोजला, चिठ्ठी लावली आणि नंतर धुतला. ताईंचा फोन आला, "मोजला?" मी म्हटलं, "हो." "धुऊन?" मी म्हटलं, "हो ताई." एवढंसं खोटं, काय बिघडतंय!

विवराच्या तोंडाशी ताई नेहमीप्रमाणे दोराच्या खालच्या टोकाला गाठ मारायला बसल्या. मी हसलो. "ताई, दोर इतका लांब आहे, की तळाशी वेटोळं पडेल." त्या म्हणाल्या, "पडू दे. गाठ काय खायला मागते?"

पहिला मीच उतरलो. बराच वेळ उतरल्यावर कमरेचं उतरायचं यंत्र खटकन अडलं. खाली पाहिलं तर यंत्राखाली ताईंची गाठ, तिच्याखाली काही नाही, आणि तळ अजून दोन माणसांच्या उंचीइतका खाली. तिथे नुसते धारदार दगड. गाठ नसती तर दोराचं टोक यंत्रातून सुटून मी त्या दगडांवर गेलो असतो. वर चढायच्या पकडी दोराला लावायला मला तीन वेळा प्रयत्न करावा लागला.

दीड तास चढून वर आलो आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडलो. म्हटलं, "ताई, मी खोटं बोललो. धुवायच्या आधी मोजला होता." वाटलं, आता मोहिमांतून माझं नाव गेलं. ताईंनी मला पाणी दिलं. बाकीच्यांकडे वळून म्हणाल्या, "चूक माझीपण आहे. फोनवर विचारून दोर पास करतात का कधी? मीच टेप लावायला हवी होती." त्यानंतर सगळे दोर धुवायचं आणि मोजायचं काम त्यांनी माझ्याकडेच दिलं. कुणीतरी कुरकुरलं, तर म्हणाल्या, "आता हा जन्मात चुकायचा नाही." अहो, अशा माणसाला मी ताई नाही म्हणणार तर काय म्हणणार!

गेल्या महिन्यात पुढच्या मोहिमेचा दोर घेऊन मी धारला गेलो. "मोजला?" "हो." "धुऊन?" "हो ताई." त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तरीही टेप काढली. दोघांनी मिळून अंगणात पुन्हा मोजला, चिठ्ठीबरहुकूम निघाला. जेवताना ताईंनी माझ्या ताटात दुसरी पुरणपोळी वाढली.

कुंदाताई, आपल्याला निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आपले गुडघे आणि आपली बोटं अशीच साथ देवोत. आमच्या प्रत्येक दोराच्या टोकाला पुढची कित्येक वर्षं आपल्याच हातची गाठ असो, आणि तिथपर्यंत पोहोचायची वेळ आमच्यापैकी कुणावरही पुन्हा न येवो.